‘एकदा दिलं की परत घेत नाहीत ना?’ : सखाराम गणेश पंडित यांच्या नागरिकत्वाचं प्रकरण

दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या वाचनालयात नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेते. सात-आठ जण येतात. त्यांत इचलकरंजीच्या एक मावशी आहेत. मुलाने ग्रीन कार्ड करून आणलं, त्याला पाच वर्षं झाली. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर इंग्रजी प्रश्न देवनागरीत, ‘व्हॉट इज द सुप्रीम लॉ ऑफ द लँड’, आणि उजव्या पानावर उत्तर, लाल पेनाने. ‘कॉन्स्टिट्यूशन’ हा शब्द त्यांनी तीन वेळा खोडून चौथ्यांदा नीट लिहिलाय.

गेल्या महिन्यात सगळे गेल्यावर त्या थांबल्या. पिशवीत वही घालता घालता म्हणाल्या, “एक विचारू का गं? हे एकदा दिलं की परत घेत नाहीत ना? टीव्हीवर काहीबाही दाखवतात. म्हणजे तिकडचा पासपोर्ट पण गेला आणि इकडचा पण गेला, असं नको व्हायला.”

“नाही घेत हो मावशी,” असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. घरी येताना मात्र गाडीत चुकचुकत राहिले, कारण ते उत्तर अर्धंच खरं होतं. परत घेतलेलं आहे, आणि तेही आपल्याच लोकांकडून. ज्या माणसामुळे ते थांबलं त्याचं नाव सखाराम गणेश पंडित. असं नाव कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही शाळेच्या जुन्या हजेरीपटात सापडेल. इथे वीस वर्षं राहून, दोन वेळा मतदान करूनही हे नाव मी पाच वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलेलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय.

१९१४ साली नेमकं काय झालं

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० सालचा. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ला नागरिक होता येईल, असं त्यात होतं. यादवी युद्धानंतर, १८७० साली, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेला माणूस या दोन्ही खणांत बसत नव्हता. त्याला नागरिक व्हायचं तर एकच वाट होती, ती म्हणजे आपण ‘गोरे’ आहोत असं कोर्टात सिद्ध करणं.

‘गोरा’ म्हणजे काय हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक कोर्टाचा निकाल वेगळा यायचा. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने पात्र ठरवलं. अक्षयकुमार मजुमदार यांना १९१३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टाने ‘उच्चवर्णीय हिंदू’ म्हणून पात्र ठरवलं. पंडित १९०६ साली अमेरिकेत आले होते. भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत ते देशभर फिरले आणि मग लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावले. तिथल्या कोर्टाने मे १९१४ मध्ये त्यांना नागरिकत्व दिलं.

या सुनावणीतली एक बारीक गोष्ट पुढच्या साऱ्या प्रकरणाची चावी आहे. सरकारचा अधिकारी त्या दिवशी कोर्टात हजर होता. अर्जदार गोरा नाही, अशी हरकत त्याने घेतली होती. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून ती हरकत फेटाळली. सरकारला अपिलाचा हक्क होता, पण सरकार अपिलात गेलं नाही.

पंडितांनी मग वकिलीची परीक्षा दिली आणि १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाची सनद घेतली. नागरिक होण्यास अपात्र असलेल्याला ती सनद मिळत नसे. पुढे त्यांनी एका अमेरिकी स्त्रीशी लग्न केलं, घर केलं. हिंदुस्थानातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क त्यांनी सोडून दिला होता. ब्रिटिश प्रजाजन असणं तर शपथेच्या दिवशीच संपलं होतं. देशांतर केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. एका कागदाच्या भरवशावर माणूस एकेक वीट रचत जातो.

थिंद खटला

भगतसिंग थिंद अमृतसर जिल्ह्यातले. ते १९१३ साली आले आणि ओरेगनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबले. १९१८ साली अमेरिकी सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत काढून घेण्यात आलं. त्यांनी ओरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. १९२० साली तिथल्या न्यायाधीशांनी तो मंजूर केला. या वेळी सरकार अपिलात गेलं आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. थिंद यांच्या वकिलांमध्ये पंडित होते.

थिंद यांचा निकाल लागायच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज याच न्यायालयाने फेटाळला होता. ओझावांचं म्हणणं साधं होतं. मी वीस वर्षं इथे आहे, इथे शिकलो, घरात इंग्रजी बोलतो, मनाने अमेरिकी आहे. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकालात लिहिलं, ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ वंशाचा, आणि जपानी माणूस त्यात येत नाही.

थिंद यांच्या बाजूला हा निकाल म्हणजे आयतं हत्यार वाटलं असणार. त्या काळची वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत. मग युक्तिवाद उभा राहिला तो असा : आम्ही आर्य. आमची जातिव्यवस्था इतकी कडक की रक्तात भेसळ झालेली नाही. आणि पुढे, लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू तिथल्या आदिवासींकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने गोरा अमेरिकी काळ्या माणसाकडे पाहतो.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. नागरिकत्वाच्या दारात उभं राहून, आम्हीही तुमच्यासारखेच माणसांना लांब ठेवतो, हे पात्रतेचा पुरावा म्हणून मांडायचं! त्या कायद्याने दुसरी वाट ठेवलीच नव्हती, हे मला कळतं. वकील अशिलाला वाचवायला उपलब्ध दोरी धरतो, हेही कळतं. तरीही हा युक्तिवाद चुकीचा होता असंच मी म्हणेन. कायद्याला विचारायला हवं होतं, की कातडीचा आणि शपथेचा संबंध काय? त्याऐवजी, कातडीच्या कसोटीवर आम्ही उतरतो, असं म्हटलं गेलं.

त्याच दशकात, १९१३ ते १९१६ या काळात, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर शिकत होते. मे १९१६ मध्ये तिथल्या एका चर्चासत्रात त्यांनी जातीवर निबंध वाचला. हिंदुस्थानातले लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून झाले आहेत, आणि जात म्हणजे रक्ताची शुद्धता नसून लग्नावर घातलेलं कुंपण आहे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. म्हणजे थिंद यांच्या बाजूने जे मांडलं जाणार होतं त्याचं उत्तर सात वर्षं आधीच, याच देशात, पंचविशीतल्या एका मराठी विद्यार्थ्याने देऊन ठेवलं होतं.

न्यायालयाने तो युक्तिवाद मानला नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी एकमताने निकाल आला. लिहिणारे पुन्हा सदरलँडच, स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी इकडे आलेले. शास्त्र काहीही म्हणो, ‘गोरा’ हा शब्द सामान्य माणूस ज्या अर्थाने घेतो तोच अर्थ धरायचा, आणि सामान्य माणूस हिंदूला गोरा म्हणत नाही. तीन महिन्यांपूर्वी जपानी माणसाला नाकारताना शास्त्र चाललं, हिंदी माणसाला नाकारताना शास्त्र बाजूला ठेवलं गेलं. दार आधीच लावलेलं असलं की किल्ली कुठलीही आणा, कुलूप बदलतं.

सरकार मागचे कागद गोळा करू लागलं

खरा घाव निकालानंतर बसला. थिंद पात्र नाहीत, तर आधी ज्या हिंदी लोकांना नागरिकत्व मिळालं ते सगळं बेकायदा, असा अर्थ सरकारने काढला. १९०६ च्या कायद्यात एक कलम होतं. नागरिकत्व फसवणुकीने किंवा बेकायदा मिळवलं असेल तर ते रद्द करता येई. फसवणूक कुणीच केलेली नव्हती, म्हणून ‘बेकायदा’ हा शब्द ताणला गेला. पन्नासहून अधिक हिंदी लोकांचं नागरिकत्व गेलं. मजुमदारांचंही गेलं.

नागरिकत्वाबरोबर बाकीचंही सगळं सुटत गेलं. नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयाला शेतजमीन घेता येणार नाही, असा कायदा कॅलिफोर्नियात १९१३ पासून होता. अशा माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकी स्त्रीचं स्वतःचं नागरिकत्वही त्या काळी जात असे.

वैष्णोदास बगाई यांची कहाणी इथे सांगायलाच हवी. हे पेशावरचे. १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले. बर्कलीत घर घेतलं, तर राहायला गेले त्या दिवशी शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. तरी ते खचले नाहीत. दुकान टाकलं, १९२१ साली नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते काढून घेतलं गेलं. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं म्हटलं, तर अमेरिकी पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं सांगण्यात आलं. ज्या राज्याचं प्रजाजनत्व सोडायला ते इतक्या लांब आले, त्याच राज्याच्या दारात परत जायचं! १९२८ साली सॅन होजेमध्ये एका भाड्याच्या खोलीत त्यांनी गॅस सोडून जीव दिला. मागे ठेवलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. मी आता कोण आहे, असं त्यांनी त्यात विचारलं होतं. पुढे अडथळे, बाजूला अडथळे, आणि मागचे पूल जळून गेलेले.

मावशींच्या तोंडी आलं ते हेच, “तिकडचा पण गेला आणि इकडचा पण गेला.”

पंडितांचा स्वतःचा बचाव

सरकारने पंडितांवरही खटला भरला. या वेळी पंडित स्वतः प्रतिवादी होते. थिंद खटल्यातला युक्तिवाद आता हाताशी नव्हता, कारण सर्वोच्च न्यायालयाने तो संपवला होता. आपण गोरे आहोत असं म्हणण्यात अर्थच उरला नव्हता.

मग त्यांनी जे मांडलं ते माझ्या शब्दांत असं. १९१४ साली मी काहीही लपवलं नाही. मी कोण, कुठला, हे सगळं कोर्टापुढे होतं. सरकारचा माणूस समोर उभा होता, त्याने हीच हरकत घेतली होती. कोर्टाने ऐकून निर्णय दिला. तुम्हाला तो पटला नव्हता तर अपील करायचं होतं, तुम्ही केलं नाही. त्या निर्णयावर विसंबून मी माझा पूर्वीचा देश सोडला, मालमत्ता सोडली, व्यवसाय उभारला, संसार केला. आज हे काढून घेतलंत तर माझी सनद जाईल, माझ्या पत्नीचं नागरिकत्व जाईल, मी कुठल्याच देशाचा उरणार नाही. एकदा दोन्ही बाजू ऐकून निकालात काढलेली गोष्ट पुन्हा उकरता येत नाही.

हा बचाव वंशाबद्दल अवाक्षर बोलत नाही. तो राज्यसंस्थेला सांगतो, की तू शब्द दिलास, मी त्यावर आयुष्य उभारलं, आता शब्द पाळ.

लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९२६ साली तोच निकाल कायम केला. आधार अगदी कोरडा, तांत्रिक : ज्या मुद्द्यावर सरकारने स्वतः हजर राहून वाद घातला आणि अपील केलं नाही, तो मुद्दा सरकारला पुन्हा काढता येणार नाही. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची पुढची याचिका ऐकायला नकार दिला. त्यानंतर बाकीच्या हिंदी लोकांवरच्या अशा कारवाया सरकारने सोडून दिल्या.

बगाईंना याचा उपयोग झाला नाही, हे मनातून जात नाही. निकाल १९२७ ला पक्का झाला आणि ते १९२८ ला गेले. नव्याने येणाऱ्या हिंदी माणसासाठीही या निकालाने काहीच उघडलं नाही. ते दार १९४६ पर्यंत बंद राहिलं. थिंद यांना १९३६ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात, नागरिकत्व मिळालं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी आदल्या वर्षी वेगळा कायदा झाला होता, त्याच्या आधारे.

हे प्रकरण मला का सोडत नाही

मी २००६ साली मिरजेहून इथे आले, नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, म्हणजे जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर. तिकडे सहा वर्षं हिशेबतपासणीचं काम केलेलं. इथे कामाची परवानगी नाही. मे २०१५ मध्ये नियम बदलला तोवर नऊ वर्षं घरात गेली. ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट, रांग कुठवर आली हे सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, हे सगळं अनुभवलंय. त्यामुळे आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला जो विषय हमखास निघतो त्यातला राग मी ओळखते.

मागच्या दिवाळीला आमच्या ओळखीचे एक काका चकलीची ताटली हातात घेऊन म्हणाले, “अहो वहिनी, आपण सगळं रीतसर केलं. फी भरली, रांगेत उभे राहिलो, कर भरले. त्या चोरवाटेने येणाऱ्यांच्या पंक्तीला आपल्याला कशाला बसवतात?”

हे वाक्य मीही पूर्वी बोललेय, मनापासून. देशाने प्रवेशाचे नियम करावेत आणि ते पाळले जावेत, यात मला आजही गैर वाटत नाही. पण काकांच्या वाक्यात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. आमच्याशी नीट वागा, कारण आम्ही ‘तसले’ नाही. हा थिंद खटल्यातलाच युक्तिवाद आहे, फक्त रक्ताच्या जागी रांग आली. आणि ‘तसले’ कोण हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हातात नाही. १९२३ साली तो ‘सामान्य माणसा’च्या हाती गेला. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश निघाला, त्यात काय होतं हे आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी छातीत धडधडत वाचलं. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेलं बाळ नागरिक मानू नये, असं त्यात होतं. तो न्यायालयांत अडवला गेला. पण एच-१बीवरचं रीतसर, फी भरलेलं, रांगेतलं जोडपं त्यात बिनदिक्कत आलं होतं, हे विसरता येत नाही.

त्या आदेशाविरुद्ध उभं राहायला जो निकाल आधार म्हणून पुढे आला, तो १८९८ सालचा, वाँग किम आर्क यांचा. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला एक स्वयंपाकी. परकीयालाही कायद्याचं समान संरक्षण आहे, हा १८८६ सालचा निकालही त्याच शहरातल्या यिक वो या चिनी लाँड्रीवाल्याचा. मी नागरिक नसताना इतकी वर्षं ज्या छत्राखाली राहिले ते त्या धोब्याने उभं केलं होतं. आणि १९६५ चा इमिग्रेशन कायदा, ज्याच्यामुळे आपले डॉक्टर-इंजिनिअर इथे येऊ लागले, तो नागरी हक्क कायद्यानंतर सव्वा वर्षाने आणि मतदान हक्क कायद्यानंतर दोन महिन्यांनी आला. वंशावरून भेद करायचा नाही हे एकदा घरात मान्य केल्यावर दारात देशांचे कोटे ठेवणं अवघड झालं. ते मान्य करायला कृष्णवर्णीय माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. ज्या माणसांपासून आपण वेगळे आहोत असं थिंद यांच्या बाजूने कोर्टात सांगितलं गेलं, त्यांच्याच लढ्यातून आमचं दार उघडलं.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. पंडितांचं नाव सांगितलं, तेवढ्यावर ते थबकले. “मराठी नाव दिसतंय,” म्हणाले. मी त्यांना निकाल पाठवला आहे.

पुढच्या शनिवारी मावशींना आधी गाठलं. म्हटलं, मावशी, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. खोटं लिहून किंवा काही लपवून नागरिकत्व घेतलं असेल तर आजही कोर्टात जाऊन ते रद्द करता येतं. त्याला मुदत नाही, कितीही वर्षांनी काढू शकतात. मात्र पुरावा स्पष्ट, निःसंदिग्ध आणि खात्री पटवणारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली सांगून ठेवलंय. आणि पंडितांना ज्याने वाचवलं ते हेच, की त्यांनी पहिल्या दिवशी काहीही लपवलं नव्हतं.

मावशींनी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म, बाहेर काढला. मुलाने संगणकावर भरून छापून दिलेला. सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलीने फुली करून ठेवलेली. “मग याच्यात काय लिहिलंय ते मला एकेक ओळ वाचून दाखव,” म्हणाल्या. “सही माझी आहे. त्याने भराभर ‘नो, नो’ करत टिचक्या मारल्यात.”

दोन तास लागले. कधी अटक झाली आहे का, इथपर्यंत आलो तेव्हा त्या थांबल्या. १९७४ साली सासऱ्यांबरोबर गिरणीच्या संपात पोलिसांनी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं होतं, रात्री सोडून दिलं. ते धरायचं का? मला ठाऊक नव्हतं. मी त्या ओळीसमोर पेन्सिलीने खूण केली, आणि बुधवारी वकिलांच्या मोफत सल्ल्याला त्यांना घेऊन जायचं ठरलं. फॉर्म अजून पाठवलेला नाही.